पाणकराची झोप

खोली दाखवायच्या आधी घरमालक काकाजींनी मला अंगणात उभं केलं. हातातली ट्रंकसुद्धा खाली ठेवू दिली नाही. म्हणाले, "गुरुजी, जरा चूप राहा अन् सांगा, काय आयकू येऊन राहिलं?"

मी कान दिला. भर दुपार होती. कुठं तरी शेळी ओरडत होती, आत काकूंची फोडणी चुरचुरत होती. मी तसं सांगितलं.

"ते सोडा. त्याच्या मांगं."

"मागं काय?"

"कीं... असं वाजत नाई काय? बारीक? रातकिड्यावानी?"

आता काय सांगायचं? नाही म्हणावं तर खोली जायची, आणि गावात दुसरी खोली नव्हती. हो म्हणावं तर मास्तरनं पहिल्याच दिवशी खोटं बोलायचं. मी म्हटलं, "वाजत असेल."

"असंल नाई. वाजते का नाई वाजते?"

मी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी मान हलवली आणि खोली दिली. इतकी वर्षं झाली, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही धड देता येत नाही.

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. आमचं घर हायवेला लागून, ट्रकांच्या घरघरीत वाढलेलं पोर मी. पहिली नेमणूक मिळाली ती लाखांदुराकडच्या एका आडगावात. लाखांदुराहून दोन कोस पायी, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, मधोमध तलाव आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, गाव. वीज नव्हती. रेडिओला लायसन लागायचं ते दिवस, आणि गावात तसा लायसनचा रेडिओ एकही नव्हता. काकाजी त्या गावचे पाणकर होते. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी ज्याच्या हातात तो माणूस. कोणाच्या बांधीत कधी, किती पाणी जाईल ते तोच ठरवायचा आणि सारं गाव ते मुकाट्यानं मानायचं. सुगीत प्रत्येक घरून त्याला सूपभर धान यायचं. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाणकर होते, वडिलांच्या आधी आजा.

पाण्याच्या बाबतीत मोठा कडक माणूस. त्यांची स्वतःची बांधी पाटाच्या तोंडाशीच होती, पण तिला ते सगळ्यांच्या मागून पाणी द्यायचे. सख्खा मेहुणा एकदा म्हणाला, एक घटका जास्त सोडा जी भाटोजी, तर त्याला म्हणाले, "तुनं बहीन देल्ली म्हून पानी नाई भेटत." मेहुणा दोन वर्षं घरी आला नाही. काकू हे सांगताना हसायच्या, पण पदर डोळ्याला लावून.

असा हा माणूस झोपेच्या बाबतीत मात्र भिकारी होता.

रात्री ते झोपत नसत. लाकडाचा ढीग उपसायचे, म्हणायचे इथंच आहे तो किडा. कणगीमागं बघायचे. एकदा माझ्या खोलीत येऊन माझं गजराचं घड्याळ उचललं, कानाला लावलं आणि काय सांगू, चेहरा असा उजळला की बघत राहावं! "हे चांगलं वाजते जी." त्या दिवसापासून माझं घड्याळ त्यांच्या उशीखाली. मी शाळेत उशिरा पोचायला लागलो. मागायची हिंमत होईना, म्हणून सूर्याकडं बघून शाळा भरवायचो.

गोंगाटात मात्र त्यांना झोप लागायची. लग्नात बँडवाल्यांच्या पायाशी मंडपातच घोरायचे. दंडारीला पुढं जाऊन बसायचे, नाचणाऱ्यांनी धुरळा उडवला, ढोलकी घुमली की हे गाढ. बाहेरगावचे कलाकार रागावायचे, म्हणायचे हा आमचा अपमान आहे. गावकरी समजावत, "नाई जी, तो कौतुक करून राहिला." महिन्यातून दोनदा तरी ते लाखांदुराला चालत जायचे, तिथून एसटीनं साकोलीला आणि तीच गाडी परत लाखांदुराला. काम काही नाही. मागच्या चाकावरची सीट, खडखडणारी खिडकी, की झोप. कंडक्टर ओळखायचा. साकोलीच्या स्टँडवर त्यांना न उठवता परतीचं तिकीट खिशात खोचून द्यायचा.

एवढं सगळं बघून माझं डोकं चक्रावलं. आम्हा माणसांना शांततेत झोप येते, आणि या माणसाला शांतता खायला उठते! एक दिवस वर्गात मुलांना म्हटलं, सगळे गप्प बसा, डोळे मिटा, कानात बारीक काही वाजतं का सांगा. अर्ध्या वर्गानं हात वर केले. उरलेल्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांनीही केले. आता यावरून काय समजायचं? त्या दिवशी खाटेवर पडलो तर मलाही वाजायला लागलं. आधीपासून वाजत होतं की काकाजींनी कानात घातलं, देव जाणे.

शेवटी काकूच म्हणाल्या, "गुरुजी, तुमी शिकलेले. याले एखाद्या डाक्टरले दाखवा ना. तेल घातलं, लसून घातला, भगताकडून फुकून आनलं. मानूस वाळून चालला माहा."

दिवाळीच्या सुटीत मी त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेलो. कानाच्या डॉक्टरांनी नळी घालून दोन्ही कान बघितले, एक चिमटा वाजवून कानापाशी धरला, बरंच काही विचारलं. मग म्हणाले, "किडा नाही, काही नाही. आवाज आतूनच येतो. याला औषध नाही बाबा. आवाज आहे म्हणून झोप येत नाही, आणि झोप होत नाही म्हणून आवाज अजून मोठा वाटतो."

काकाजी खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "मंग साहेब, आधी कोन आलं? आवाज का जागरन?"

डॉक्टर हसले. "ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही एक करा, झोपताना जवळ बारीकसा आवाज असू द्या. पंखा, रेडिओ. कानाला त्याची सोबत होते."

वीज नाही, पंखा कुठला! आणि इथं मी तोंड उघडलं. कोणी विचारलं नव्हतं हो. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पाण्याचा आवाज चालेल का?"

"उत्तम," ते म्हणाले.

परतीची गाडी हुकली म्हणून मी त्यांना मुक्कामाला शहापूरला आमच्या घरी नेलं. जेवून ओसरीवर आडवे झाले, बाहेर ट्रकांची रांग धडधडत होती. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले, गडी उठेना. आई घाबरली. "काऊन रे, बुवा जिवंत आहे ना? आपल्या घरी नसतं लचांड नको बाबा." बाराला उठले, भाकरी खाल्ली आणि मला म्हणाले, "तुमच्या गावात सोन्याच्या भावाची झोप रस्त्यावर पडून हाय गुरुजी." मी म्हटलं, मग राहा इथंच. तर चिडले. "अन् तलाव कोन पाहील, तुमी?"

पुढच्या पावसाळ्यात त्यांची झोप सुधारली. काकू मला एक दिवस हळूच म्हणाल्या, "दुपारी पाळीवर जाऊन निजते. वीस वर्सानं यांचं घोरनं आयकलं मी." काकाजींच्या गालावर मांस चढलं. पोरांना चिडवायला लागले, काकूंच्या भाजीला नावं ठेवायला लागले. माझं घड्याळसुद्धा परत आलं. मला वाटलं, चला, आपल्या हातून एक पुण्य घडलं.

मग एका रविवारी पाळीवरून फिरताना मी त्यांना बघितलं. मोहाच्या सावलीत, घोंगडीवर, तोंड उघडं टाकून झोपलेले. आणि खालून पाण्याचा झुळझुळ आवाज येत होता. तलावाच्या पाळीच्या पोटात पाणी सोडायला दगडी तोंड बांधलेलं असतं, तिकडं त्याला तुडुम म्हणतात. त्याच्या भोकात लाकडाचा दट्ट्या ठोकलेला असतो. तो दट्ट्या जरासा सैल होता. पाणी पाटात न जाता फुटक्या कडेनं नाल्याला लागलं होतं.

त्यांना चाहूल लागली. उठून बसले, आधी दट्ट्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "दोन बोटं सोडतो गुरुजी. तलाव तोंडोतोंड हाय, सांडव्यावरून तसंही वाहून राहिलं. कोनाचं काय जाते?"

मी हायवेवरचा माणूस. मला पाण्यातलं काय कळतं? आणि त्यांचं बोलणं खरंही होतं, सांडव्यावरून धो धो पाणी जात होतं. मी मान हलवली.

भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. सांडवा बंद पडला. गावातले लोक आभाळाकडं बघायला लागले. मी एक दिवस काकाजींना म्हटलं, "आता बंद करा जी." ते म्हणाले, "मलेच सांगता काय?" आणि खरंच त्यांनी दट्ट्या घट्ट ठोकला. तीन दिवस झोप नाही. चौथ्या दिवशी मी वर्गात असताना दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल झालेले. म्हणाले, "गुरुजी, पोट्टे पाढे म्हनते काय? मोठ्यानं?"

काय करणार? मी पाढे म्हणायला लावले. बेचा, तिनाचा, पावकी, निमकी. काकाजी व्हरांड्यात आडवे झाले आणि बाराच्या पाढ्याला घोरायला लागले. आठवडाभर माझ्या शाळेत पाढ्यांशिवाय दुसरा विषय झाला नाही. पोरांना एकोणतीसपर्यंत पाढे पाठ झाले! आणि नेमके तेव्हाच तालुक्याचे साहेब तपासणीला आले. व्हरांड्यात झोपलेला म्हातारा बघून कडाडले, "ही शाळा आहे का धर्मशाळा?" माझी नोकरी कच्ची होती. मी संध्याकाळी काकाजींना सांगितलं, आता शाळेत येऊ नका. ते "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते परत पाळीवर गेले. मला ठाऊक होतं. म्हणजे बघितलं नाही, तिकडं फिरायलाच गेलो नाही, पण ते ताजेतवाने दिसायला लागले म्हणजे काय ते मी समजलो. मी गप्प राहिलो. काकू खूश होत्या. एकदा वाटायचं जाऊन बोलावं, एकदा वाटायचं दोन बोटं पाण्यानं काय होणार. अशी माझी रोज तळ्यात-मळ्यात चालायची.

भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निसवायला आलं की त्याला एक शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर लोंबी भरते, नाही तर पोचट. पाटाच्या अगदी टोकाला एका एकट्या म्हातारीची बांधी होती. नवरा, पोरगा दोघंही गेलेले. तिला सगळे बुढीमाय म्हणायचे. पाणी सगळ्यांचं होऊन शेवटी तिच्याकडं यायचं, आणि काकाजींच्या राज्यात ते आलं नाही असं कधीच झालं नव्हतं. त्या वर्षी काकाजी तिच्या बांधापर्यंत पाटाच्या कडेनं चालत गेले, पाण्याच्या पुढं पुढं. पण पाणी मागंच थांबलं. तुडुमाला गाळ दिसायला लागला होता. बुढीमायची बांधी उभी वाळली.

गाव पिंपळाच्या पारावर जमलं. आधी खालच्या गावाचं नाव निघालं. त्यांनीच चोरलं, काठ्या घ्या, चला. पोरं उठलीसुद्धा. तेवढ्यात काकाजी आले. खांद्यावर तुडुमाचा दट्ट्या. तो त्यांनी पारावर ठेवला आणि म्हणाले, "खालच्या गावचं नाव नोका घेऊ. पानी मी सोडलं. झोपासाठी."

लोक आधी हसले. खरंच हसले! "झोपासाठी कोनी पानी सोडते काय?" मग एक जण म्हणाला, खालच्या गावानं याला काही तरी चारलं असेल. दुसरा म्हणाला, म्हणूनच एवढा गलेलठ्ठ झाला. बघता बघता हसणं गेलं आणि ज्याच्या बापजाद्यांनी थेंब इकडचा तिकडं केला नाही, तो माणूस पारावर चोर ठरला. चोर म्हटल्यावरही ते शांतपणे म्हणत राहिले, "चारलं नाई कोनी. पान्याच्या आवाजानं झोप लागते मले."

त्या पूर्ण गावात ते खरं बोलतात हे दोघांना माहीत होतं. काकू बायकांत मागं उभ्या होत्या, त्यांनी सांगितलं तर कोण ऐकणार, बायको ती. दुसरा मी. मी गुरुजी. डॉक्टरांकडं मी नेलेलं, पाण्याचं मी सुचवलेलं, सैल दट्ट्या मी डोळ्यांनी बघितलेला. माझ्या एका वाक्यानं निदान चोरीचा डाग तरी गेला असता. काकाजींनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी माझ्या चपलांकडं बघत बसलो. का? भ्यालो, हे उघड आहे. पण नुसता भ्यालो असंही नाही. मला त्या घडीला खरंच कळेना की त्या दोन बोटांनी बुढीची बांधी वाळवली की आभाळानं. मग मी सांगणार काय? असं मी मनाशी म्हणत राहिलो, आणि तोवर बैठक उठायला आली. लाज वाटते सांगायला.

दट्ट्या दुसऱ्याच्या हातात गेला. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात बसलेली बुढीमाय काठी टेकत पुढं आली. सगळ्यांना वाटलं आता ही शिव्याशाप देणार. तिनं काकाजींच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "मंग? लागली काय झोप?"

काकाजी म्हणाले, "लागली माय."

ती "हं" म्हणाली आणि निघून गेली. तो हुंकार कसा होता, रागाचा की कशाचा, ते मला कळलं नाही. तिथं कोणालाच कळलं नसावं.

नंतर त्या घराची फार वाईट अवस्था झाली. काकाजी पाळीवर पाऊल टाकेनात. सुगी आली, पण कोणाच्या घरून सूप आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. रात्रभर अंगणात फेऱ्या, दिवसा एका जागी बसून राहणं. मी खोली बदलावी म्हणत होतो. त्यांच्यासमोर जेवायला बसलं की घास फिरायचा.

आणि अचानक काकाजी दुपारचे घरून नाहीसे व्हायला लागले. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तुमीच पाहून या." त्यांनी बुढीमायच्या घराकडं बोट केलं.

लांबूनच आवाज आला. धप्प... धप्प... धप्प. भात कांडायची पायानं दाबायची लाकडी ढेकी असते, तिचा आवाज. लाखांदुराला गिरणी झाल्यापासून गावात ढेकी कोणी वापरत नव्हतं. ओसरीवर काकाजी भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलेले. आत बुढीमाय छताला बांधलेला दोर धरून एका पायानं ढेकी दाबत होती. सत्तरीची बाई. घामानं लुगडं पाठीला चिकटलेलं.

मी आत डोकावलो. खालच्या उखळीत नुसता कोंडा होता.

"बुढीमाय," मी म्हटलं, "यात धान तर नाही."

"धान कोठून आनू गुरुजी?" ती म्हणाली. पाय थांबला नाही. "कोंडा हाय. थांबली का उठते तो."

मला हजार गोष्टी विचारायच्या होत्या. हे त्यांना माफ करणं होतं, की रोज दुपारी त्यांच्या कानात तेच तेच वाजवणं होतं? आणि ते काय समजून तिथं झोपत होते? तिच्या पायाची शीर तटतटून आली होती.

मी चपला काढल्या. "सरका," म्हटलं, "तुम्ही टेका जरा."

ती बाजूला झाली आणि भिंतीला टेकून बसली. मी दोर धरला. पहिले चार ठोके चुकले, तशी ओसरीवर काकाजींनी कूस बदलली. मग जमलं. दिवस मावळेपर्यंत मी कोंडा कांडत होतो.